नेम चुकतो तो कुणाचा?

१९६८ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी उमेदवार म्हणून लागलो, तेव्हा मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक पाढा पाठ करून घेतला. दोन सुतीला वीस, अडीच सुतीला अठरा, तीन सुतीला सोळा, चार सुतीला बारा आणि इंचाला आठ. बोल्टच्या जाडीप्रमाणे एका इंचात किती आटे पाडायचे, त्याचा हा हिशेब. या आट्यांना सगळे व्हिटवर्थ म्हणत. टॅप व्हिटवर्थचा, डाय व्हिटवर्थची, पानासुद्धा व्हिटवर्थचा. व्हिटवर्थ ही एखादी विलायती कंपनी असावी, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. तो एक हाडामांसाचा माणूस होता, आईविना वाढलेला आणि मामाच्या गिरणीतून पळालेला, हे मला पुढे वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकातून कळले.

आणि या माणसाने ऐन भरातली काही वर्षे एकाच प्रश्नाच्या मागे घालवली, याचे महत्त्व तर मला पार पंचाहत्तरीकडे झुकल्यावर उमगले. तेही घरातल्याच एका भानगडीमुळे. प्रश्न साधा होता : रायफल नवी कोरी आहे, नेम धरणाऱ्याचा हात स्थिर आहे, तरी गोळी भलतीकडे का जाते?

घरातली भानगड आधी सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझपदक मिळवले. आमची नात त्याआधी दोन वर्षे क्लबच्या जुन्या रायफलवर सराव करत होती. त्या दिवसापासून तिने स्वतःच्या रायफलचा ध्यास घेतला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली पोर, अभ्यासात बरी, स्वभावाने अबोल. मुलाने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, तिच्या आजीने दोन पाटल्या मोडल्या. परवाना, क्लबचे पत्र, पोलिसांचे कागद यांत बरेच महिने गेले आणि अखेर ती लांबट पेटी घरी आली. पॉइंट टू-टूची, लाकडी दस्त्याची, देखणी रायफल. आजीने तिला हळदकुंकू वाहिले. मी आयुष्यभर यंत्रांत राबलेला माणूस. मला राहवते कसे? मी ती खोलून पाहिली, फडक्याने पुसली, परत बसवली आणि घरच्यांना पिळाच्या खाचा म्हणजे काय यावर अर्धा तास व्याख्यान दिले.

नवी रायफल घेऊन पोर रेंजवर गेली आणि दुसऱ्या दिवसापासून घरात सुतक आल्यासारखे झाले.

या खेळात ५० मीटरवरच्या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे साधारण शर्टाच्या गुंडीएवढे. चांगली रायफल टेबलावर टेकवून दहा गोळ्या मारल्या, तर दहाही भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकली जावीत. तिची भोके चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत विखुरत होती. त्यातही गंमत अशी की कधी पाच गोळ्या एका बाजूला पुंजका करत, तर पुढच्या पाच दुसऱ्याच बाजूला. क्लबच्या खिळखिळ्या रायफलवर ती यापेक्षा कितीतरी सरस खेळत होती. जो तो सल्ला देऊ लागला. कुणी म्हणाले काडतुसे बदला, कुणी म्हणाले नळी घासा, कुणी म्हणाले नजर तपासा. तिने एका आठवड्यात सारे काही बदलून पाहिले आणि गोंधळ वाढतच गेला. राज्य स्पर्धेच्या निवडीला तीन आठवडे उरले होते. एके संध्याकाळी मीही माझे मत दिले : चाप ओढताना तुझे बोट झटका देते आहे, रायफलमध्ये काही नाही. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती रेंजवर जायचीच थांबली.

तिच्या आजीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेमुळे मी ते जुने पुस्तक पुन्हा काढले.

जोसेफ व्हिटवर्थ इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्ट गावी २१ डिसेंबर १८०३ रोजी जन्मला. वडील शाळामास्तर. जोसेफ अकरा वर्षांचा असताना आई गेली आणि घराची घडी मोडली. वडील पुढे धर्मोपदेशक झाले, मुलाची रवानगी लीड्सजवळच्या एका निवासी शाळेत झाली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशरमध्ये मामाच्या सूतगिरणीत धंदा शिकायला ठेवले. मामाचा बेत असा की भाच्याने गिरणी सांभाळावी. भाच्याचे लक्ष मात्र सुतात नव्हते, सूत कातणाऱ्या यंत्रांत होते. ती यंत्रे इतकी ओबडधोबड कशी चालतात, एकाचा भाग दुसऱ्याला का बसत नाही, हा त्याचा छळणारा प्रश्न. चार वर्षे काढून तो तिथून निसटला आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून राहिला. १८२५ साली फॅनी अँकर्स या मुलीशी लग्न केले आणि नशीब काढायला तो लंडनला गेला.

लंडनला त्याला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात काम मिळाले. त्या काळी यंत्रविद्येतली ती काशीच. पुढे तो जोसेफ क्लेमंटकडेही होता, जिथे चार्ल्स बॅबेजच्या गणितयंत्राचे भाग घडत होते. अशा ठिकाणी हात घडवून १८३३ साली तो मँचेस्टरला परतला आणि चोर्ल्टन स्ट्रीटवर भाड्याच्या जागेत स्वतःचे वर्कशॉप थाटले. दारावरच्या पाटीवर आपण लंडनहून आलेले हत्यारे बनवणारे कारागीर आहोत, हे लिहायला तो विसरला नाही.

त्याचे पहिले मोठे काम म्हणजे सपाट पृष्ठभाग. वाचकांना वाटेल, यात काय मोठे? पण सपाट म्हणजे किती सपाट, हे ठरवायचे कशाने? पट्टी लावून पाहावे तर ती पट्टी सरळ कशावरून? लोखंडाच्या दोन पाट्या एकमेकींवर घासून तपासल्या आणि त्या तंतोतंत जुळल्या, तरी एक किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असू शकते. दोघींचे छान जमते आणि दोघीही खोट्या. व्हिटवर्थची रीत अशी की पाट्या तीन घ्यायच्या. पहिलीला रंग लावून दुसरीवर टेकवायची, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. जिथे रंग लागेल तो उंचवटा स्क्रेपरने हलकेच खरवडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. तिन्ही पाट्या आळीपाळीने एकमेकींशी जुळल्या, की मगच त्या खऱ्या सपाट. १८४० साली ग्लासगोच्या विज्ञान संमेलनात त्याने ही रीत मांडली. मी स्वतः टूलरूममध्ये अशा पाट्या खरवडल्या आहेत. दिवसभरात हातभर जागा होत नाही, आणि संध्याकाळी मनगट भरून येते. पण त्यातून जी शिस्त लागते ती जन्मभर पुरते, असे मी समजत होतो.

१८४१ साली त्याने आट्यांचा प्रश्न हाती घेतला. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. एका कारखान्याचा बोल्ट हरवला तर दुसरीकडचा नट त्याला लागायचा नाही. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, मोजले, सरासरी काढली आणि सर्वांना चालेल असे कोष्टक तयार केले. आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंश. रेल्वेने ते उचलले, मग आगबोटींनी, आणि आगगाडीच्या रुळांवरून ते आमच्या उद्यमनगरापर्यंत आले. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने एक मापयंत्र मांडले. इंचाच्या दशलक्षाव्या भागाइतका फरक ते दाखवू शके. फरक डोळ्यांना न दाखवता स्पर्शाने दाखवायचा : दोन टोकांमध्ये धरलेला छोटा धातूचा तुकडा, अंतर कणभर वाढले की आपल्याच वजनाने खाली घसरे.

अशा माणसाकडे १८५४ साली ब्रिटिश सरकार गेले. क्रिमियाचे युद्ध पेटले होते, सैन्याला रायफली हव्या होत्या. १८५३ ची एनफील्ड रायफल नवीच आली होती, पण नळ्या घडवण्याचे काम बर्मिंगहॅमच्या निरनिराळ्या कारागिरांच्या हाती. एक रायफल झकास मारी, तर तिची सख्खी बहीण शोभणारी दुसरी भरकटे. सरकारची मागणी एवढीच होती की व्हिटवर्थने रायफली भराभर बनवणारी यंत्रे आखून द्यावीत.

दुसरा कुणी असता तर एवढ्या मोठ्या कामावर झडप घालता. व्हिटवर्थने मात्र आधी उलट प्रश्न केला. चांगली रायफल चांगली का असते आणि वाईट वाईट का, हे तरी कुणाला माहीत आहे का? नळीचा पीळ किती असावा, गोळी केवढी लांब असावी, नळीच्या भोकात किती फरक चालेल, याची पक्की उत्तरे बंदुका घडवणाऱ्यांकडे नव्हती. प्रत्येकाचा आपला आपला समज. दोष कुठे आहे हे कळल्याशिवाय यंत्र बनवणे म्हणजे तोच दोष भराभर हजारो रायफलींत उतरवणे, असे त्याचे म्हणणे. प्रयोगांचा खर्च सरकारने करावा, आपल्या श्रमाचा मोबदला आपण घेणार नाही, असे त्याने ठरवून टाकले.

मँचेस्टरच्या दक्षिणेला फॅलोफील्डला ‘द फर्स’ नावाचे त्याचे घर होते. त्या घराच्या आवारात त्याने ५०० यार्डांची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या किलोमीटरची, बंदिस्त शेड उभारली. बंदिस्त का? तर वारा नको. वाऱ्याने गोळी सरकली की रायफलने सरकवली, हा संशयच राहू नये. शेड उभी राहते न राहते तोच वादळाने ती जमीनदोस्त केली. त्याने ती पुन्हा बांधली आणि मार्च १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. शेडमध्ये ठराविक अंतरावर पातळ कागदाचे पडदे टांगलेले. गोळी एकेका पडद्यातून आरपार जाई, आणि भोकांवरून तिने वाटेत कसे वळण घेतले ते दिसे. गोळी सरळ गेली की डगमगत आडवी झाली, हेही भोकाच्या आकारावरून कळे. शेवटच्या फळीवरचे भोक पाहून सगळे जण वाद घालत होते. हा माणूस वाटेवरची भोके पाहत बसला होता.

मग तो एकेक गोष्ट बदलत गेला. एका वेळी एकच. नळीतल्या खाचा सरळ नसतात, त्या पिळदार असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि फिरणारा भोवरा जसा पडत नाही, तशी ती वाटेत कोलांटत नाही. एनफील्डच्या नळीत हा पीळ ७८ इंचांत एक फेरा इतका मंद होता. व्हिटवर्थने वीस इंचांत एक, दहा इंचांत एक, पाच इंचांत एक, पार एका इंचात एक फेरा, अशा नळ्या करून पाहिल्या. गोळी जितकी लांब, तितकी ती जोरात फिरायला हवी, हे त्याच्या हाती लागले. लांब आणि बारीक गोळी हवा चांगली कापते, तेव्हा नळीचे भोक लहान करायला हवे. एनफील्डचे भोक ०.५७७ इंच, त्याचे ०.४५१ इंच, पीळ २० इंचांत एक. भोकाचा आकार त्याने गोल न ठेवता षट्कोनी ठेवला, म्हणजे गोळी नळीत नटासारखी बसावी. आयुष्यभर नट-बोल्ट केलेल्या माणसाची बुद्धी ती! आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे नळीचे भोक या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे हवे.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथील सैन्याच्या नेमबाजी शाळेत दोन्ही रायफलींचा सामना झाला. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या सरासरी सव्वादोन फूट इकडेतिकडे पडल्या. व्हिटवर्थच्या साडेचार इंचांच्या आत. १४०० यार्डांवर एनफील्डची गोळी लक्ष्याला लागेचना. व्हिटवर्थची लागत होती.

या तारखेपाशी कुठल्याही भारतीय वाचकाचे मन थबकेल. त्याच एप्रिलच्या ८ तारखेला बराकपूरला मंगल पांडेंना फाशी दिले होते. महिन्याभरात, १० मेला, मीरतला ठिणगी पडली. निमित्त त्याच एनफील्ड रायफलच्या काडतुसाचे. तोंडाकडून ठासायच्या या रायफलीत दारूची काजळी साचली की गोळी आत सरकेना, म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावत. ते काडतूस दातांनी फोडायचे. ती चरबी कशाची, हे विचारणाऱ्या शिपायांचे समाधान होईल असे उत्तर सरकारने वेळेवर दिले नाही. इंग्लंडमध्ये एक कारागीर त्या रायफलीची गोळी कुठे जाते ते पडद्यावरच्या भोकांत शोधत होता. इकडे तिच्या काडतुसाने एका साम्राज्याचा पाया हादरला होता. उठावाची कारणे अर्थातच काडतुसाहून कितीतरी खोल होती. पण यंत्र घडवणाऱ्याने केवळ यंत्राकडे पाहून चालत नाही, ते ज्याच्या हाती द्यायचे त्या माणसाचेही ऐकावे लागते, एवढा धडा त्यात आहेच.

आणि नेमका हाच धडा व्हिटवर्थला पुरता मानवला नाही, असे मला वाटते. हाइथला जिंकूनही त्याची रायफल सैन्याने घेतली नाही. १८५९ मध्ये नकार आला. भोक फार लहान, हे मुख्य कारण दिले गेले. शिवाय नळी घट्ट मापाची असल्याने काजळी धरली की ठासणे जड जाई, आणि किंमत एनफील्डच्या मानाने फारच जास्त. शांत जागी, निवांत पुसत, एकेक गोळी मारणाऱ्याला ती वरदान होती. धुरात, चिखलात, घाईने ठासणाऱ्या शिपायाला तसे वाटलेच असते असे नाही. व्हिटवर्थने ते मनाला फार लावून घेतले. सरकारी अधिकारी, समित्या, तोफांच्या बाबतीतला प्रतिस्पर्धी आर्मस्ट्राँग, यांच्याशी त्याचे वाद वर्षानुवर्षे चालले. दुसऱ्यांच्या बंदुकीतला दोष इतक्या धीराने शोधणारा माणूस, स्वतःच्या बंदुकीचा दोष कुणी दाखवला की मात्र तापत असे.

मान मिळाला नाही असे नाही. २ जुलै १८६० रोजी विंबल्डनच्या माळावर ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली स्पर्धा भरली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थने आपली रायफल लोखंडी बैठकीवर नेम धरून पक्की केली होती. राणीने चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढायची, एवढेच. ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. माणसाचा हात, श्वास, डोळा, सगळे बाजूला काढल्यावर रायफल काय करते, हे त्या दिवशी हजारोंनी पाहिले.

तिचा दुसरा उपयोगही झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांनी व्हिटवर्थ रायफली वापरल्या. लांबवरचे अधिकारी आणि तोफा डागणारे गोलंदाज टिपण्यासाठी. अचूकतेचे हेही एक रूप, आणि ते विसरून नुसते कौतुक करणे बरे नव्हे. पुढे १८७१ साली ब्रिटिश सैन्याने जी मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली, तिचे भोक ०.४५० इंच आणि पीळ २२ इंचांत एक फेरा. म्हणजे नाव दुसऱ्याचे, आणि निदान बहुतांशी व्हिटवर्थचेच.

१८६८ साली त्याने तरुण कारागिरांच्या शिक्षणासाठी वर्षाला ३,००० पौंडांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. हातात कानस धरणाऱ्या मुलाला पुस्तकी विद्याही मिळावी, आणि पुस्तकवाल्याने हात काळे करावेत, अशी त्यामागची दृष्टी. त्या त्याच्या नावाने आजही दिल्या जातात. १८६९ साली त्याला सरदारकी मिळाली. फॅनीशी त्याचे पटेनासे होऊन ती दोघे वेगळी राहत होती. ती १८७० मध्ये वारली, आणि पुढच्या वर्षी त्याने दुसरे लग्न केले. मूलबाळ नव्हते. २२ जानेवारी १८८७ रोजी तो माँटे कार्लोला वारला आणि डर्बीशरमधल्या डार्ली डेलला त्याला पुरले. त्याच्या पैशांतून मँचेस्टरला कलादालन आणि बाग झाली. आटे, तोफा आणि पोलाद यांत जन्म घालवलेल्या माणसाच्या नावाने आज तिथे लोक चित्रे पाहायला जातात.

हे सारे वाचून मी पुस्तक मिटले, तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. मनात एकच गोष्ट घोळत होती. आम्ही सगळ्यांनी त्या पोरीला दोष दिला होता. पण तिला बाजूला काढून रायफल काय करते, हे कुणीही पाहिले नव्हते. आणि तिने एका आठवड्यात चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे कशाने काय झाले ते ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

सकाळी मी तिला रेंजवर चल म्हणून विनवले. ती केवळ आजीच्या शब्दाखातर आली. तिच्या प्रशिक्षकांना मी माझी योजना सांगितली. ते हसले, पण तयार झाले. टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून त्यांवर रायफल टेकवली आणि प्रशिक्षकांनी स्वतः दहा गोळ्या मारल्या. भोके पुन्हा दोन पुंजक्यांत, कपाच्या तोंडाएवढ्या जागेत. नातीने ते दुर्बिणीतून पाहिले, आणि कित्येक दिवसांनी तिचे खांदे सैल झालेले मला दिसले. दोष तिच्या बोटात नव्हता.

मग आम्ही वही उघडली. आधी फक्त काडतुसे बदलली. पॉइंट टू-टूच्या काडतुसांत एका खेपेचा माल एखाद्या नळीला मानवतो, दुसऱ्या खेपेचा नाही, हे नेमबाजांना ठाऊक असते. तीन निरनिराळ्या खेपांची काडतुसे झाली. थोडा फरक पडला, पण पुंजके दोनच. मूळची काडतुसे परत घेतली आणि फक्त साइट बदलली, क्लबच्या रायफलची लावली. फरक नाही. नळी साफ करून पाहिली. फरक नाही. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली पाहिली. कुठे ओरखडा नाही. दुपारचे दोन वाजले. शेवटी प्रशिक्षकांनी सहज विचारले, की दस्त्याचे स्क्रू कुणी हलवले होते का?

खरे सांगतो, त्या क्षणी मला खोटे बोलावेसे वाटले. नात माझ्याकडे पाहत नव्हती, ती वहीत काही लिहीत होती. पेटी आली त्या संध्याकाळी मीच ते स्क्रू खोलले होते आणि मीच आवळले होते. पन्नास वर्षे ज्या हाताने बोल्ट कसले, त्याच हाताने, कचकचीत. सोबतच्या पुस्तिकेत किती जोर लावायचा त्याचा आकडा छापला होता. मी ती उघडलीही नव्हती. लोखंडाला जे सोसते ते लाकडाला सोसत नाही. पुढचा स्क्रू जास्त आवळल्याने दस्त्याचे लाकूड दबले होते, वरचा लोखंडी सांगाडा त्यावर ताणून बसला होता आणि दर काही गोळ्यांनी कणभर जागा बदलत होता. मी कबूल केले. प्रशिक्षकांनी स्क्रू सैल केले, आणि ठरलेला जोर आला की टक् करून थांबणाऱ्या टॉर्क रेंचने पुस्तिकेप्रमाणे बसवले. पुन्हा दहा गोळ्या. एकच पुंजका. नातीने खिशातून रुपया काढून त्यावर ठेवला. एक भोक अर्धवट बाहेर राहिले.

घरी येताना रिक्षात मी तिची माफी मागितली. आजोबाने नातीची माफी मागायची आमच्या घरी रीत नाही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली आणि मग म्हणाली की बोट झटका देते असे मी म्हणालो, तेव्हा तिला ते खरेच वाटले होते, कारण आजोबांचे यंत्राच्या बाबतीत कधी चुकत नाही. मला ते वाक्य अजून टोचते. मी आणि ती म्हणजे दोन पाट्या होतो. ती माझ्यावर विश्वास टाकत होती, मी स्वतःवर. दोघींचे छान जुळत होते आणि दोघीही खोट्या. तिसरी पाटी आणल्याशिवाय फुगवटा दिसला नाही, आणि तो निघाला माझ्याच अंगात.

निवडीला ती गेली. दोन गुणांनी हुकली. ते दोन गुण सरावाच्या बुडालेल्या दिवसांचे होते की कसले, याचा हिशेब मी करत नाही. तिने तर तो कधी काढलाच नाही. ती पुन्हा रोज सकाळी साडेसहाला रेंजवर जाते. पेटीत आता एक टॉर्क रेंच असतो आणि एक वही असते. वहीच्या पहिल्या पानावर तिने तीन ओळी लिहिल्या आहेत : आधी रायफल टेकवून बघायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलले ते लिहून ठेवायचे. त्याखाली तिने चौथी ओळ जोडली आहे. आजोबांना स्क्रूला हात लावू द्यायचा नाही.